‘द मेझर ऑफ अ मॅन’ : एक भाग आणि त्याचे प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा एखादा भाग आठवडाभर बोलण्यात राहतो आणि पुढचा भाग आला की मागे पडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ह्या अमेरिकन विज्ञानमालिकेतील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग ह्याला अपवाद ठरला आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत तो प्रथम दाखविण्यात आला. तेव्हापासून त्याच्या प्रेक्षकांत जो वाद चालू आहे तो अद्याप शमलेला नाही; उलट बोलणारी यंत्रे घरोघर पोहोचल्यापासून त्याला नव्याने तोंड फुटले आहे. ह्या भागासंबंधी प्रेक्षकांनी जी मते मांडली आहेत त्यांचा परामर्श घ्यावा आणि त्यांच्या आधाराने त्याच्या मर्मापर्यंत पोहोचता येते का ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नेमणुकीच्या गावी, घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही कथा अधिक जवळची वाटावी. कारण तिचा आरंभच मुळी एका बदलीच्या हुकुमाने होतो.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ‘एन्टरप्राइज’ ह्या अंतराळनौकेवर डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो मनुष्याकृती यंत्र आहे. परंतु स्टारफ्लीट ह्या सेवेच्या प्रबोधिनीतून रीतसर उत्तीर्ण झालेला, पदके मिळविलेला आणि पायरीपायरीने बढती घेत वर आलेला आहे. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ येतो आणि डेटासारखी आणखी यंत्रे तयार करता यावीत म्हणून त्याला उघडून पाहण्याची इच्छा व्यक्त करतो. डेटाची प्रबोधिनीत निवड झाली तेव्हा समितीत एकट्याने विरोध करणारा हाच मनुष्य होता. त्याचे संशोधन अपुरे आहे हे ध्यानात येताच डेटा नकार देतो. तेव्हा मॅडॉक्स त्याच्या बदलीचा हुकूम पुढे करतो. डेटा राजीनामा देतो. त्यावर मॅडॉक्सचे म्हणणे असे, की डेटा ही स्टारफ्लीटची मालमत्ता असून मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. न्यायाधिकारी लुव्वा ही जुना कायदा चाळून मॅडॉक्सच्या बाजूने निर्णय देते. कप्तान पिकार्ड त्याला आव्हान देतो आणि सुनावणी होते. न्यायालय नव्याने स्थापन झालेले आणि कर्मचारीवर्ग मुळीच नाही. म्हणून डेटाची बाजू कप्तानाने मांडावी आणि विरुद्ध बाजू त्याचा दुय्यम अधिकारी रायकर ह्याने मांडावी, असे ठरते. रायकर हा डेटाचा स्नेही आहे. त्याने नाकारले, किंवा मनापासून काम केले नाही, तर पहिलाच निर्णय कायम होणार असतो.

ह्या भागावर घेतला जाणारा पहिला आणि सर्वांत परिचित आक्षेप कायद्याच्या बाजूने आहे. अशा रीतीने खटला चालत नाही, असे अनेक प्रेक्षकांनी म्हटले आहे. आरोपीच्या मित्रालाच विरुद्ध पक्षाचा वकील नेमणे. ज्या न्यायाधिकाऱ्याने पूर्वी एका चौकशीत पिकार्डवर आरोप चालविला होता तिच्याच पुढे पिकार्डने उभे राहणे. ज्याला सेवेत घेऊन अधिकारपद दिले तो व्यक्ती की वस्तू हा प्रश्न त्या वेळी न सुटता इतक्या वर्षांनी उपस्थित होणे. ह्या सर्व गोष्टी त्यांना अविश्वसनीय वाटतात. मालिकेला हे कथानक देणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास ह्यांनी स्वतः काही काळ वकिली केलेली होती, त्यामुळे हा आक्षेप अधिकच बोचतो.

आक्षेपाचा काही भाग मान्य केला पाहिजे. रायकरची नेमणूक नाट्याच्या सोयीसाठी घडवून आणलेली आहे, हे लपत नाही. परंतु ज्या गोष्टीला प्रेक्षक सर्वांत अधिक हसतात, ती म्हणजे नोकराला राजीनामा देता न येणे, ती आपल्याला तितकीशी हास्यास्पद वाटू नये. आपल्याकडेही राजीनामा लिहून दिला म्हणजे मनुष्य मोकळा झाला असे होत नाही. सक्षम अधिकाऱ्याने तो स्वीकारावा लागतो, आणि चौकशी प्रलंबित असेल वा हातात महत्त्वाचे काम असेल तर तो स्वीकारण्यास विलंब होऊ शकतो. मात्र त्यामागचे तत्त्व असे आहे, की अनिच्छुक नोकराला अडकवून ठेवणे शासनाच्या हिताचे नसते. ह्या तत्त्वात नोकराला इच्छा असते, हे गृहीत धरलेले आहे. मॅडॉक्सचा सारा रोख ह्या गृहीतावर आहे. नौकेवरील गणकयंत्राने दुरुस्तीस नकार दिला तर तुम्ही तो चालवून घ्याल काय, असे तो लुव्वाला विचारतो आणि तिला तो प्रश्न विचारार्ह वाटतो.

१९२२ पासून अमलात असलेल्या आपल्या मूलभूत नियमांपैकी अकरावा नियम येथे आठवतो. शासकीय सेवकाचा संपूर्ण वेळ त्याला वेतन देणाऱ्या शासनाच्या स्वाधीन असतो, असा त्याचा आशय आहे. त्या नियमाच्या आधारे आपल्याला कोठेही पाठविता येते आणि रात्री-अपरात्री कामावर बोलाविता येते. परंतु तो नियम मागतो तो वेळ. सेवकाची स्मृती, त्याचे शरीर, त्याचे असणे शासनाच्या स्वाधीन आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. डेटाने बदलीला विरोध केला नव्हता. वर्षानुवर्षे त्याने आपला संपूर्ण वेळ सेवेला दिलेलाच होता. हुकुमाचा हात वेळेपलीकडे जाऊन स्वतः सेवकावर पडू लागला तेव्हा त्याने राजीनामा लिहिला, आणि तोही नियमाला धरून. ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे हा खटला यंत्राला मन असते की नाही ह्या प्रश्नापेक्षा हुकुमाची हद्द कोठे संपते ह्या प्रश्नाचा अधिक आहे. कायद्यातील त्रुटी दाखविणाऱ्या प्रेक्षकांचे ह्या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाले आहे, असे मला वाटते.

दुसरे मत निकालासंबंधी आहे. लुव्वा शेवटी सांगते, की डेटाला आत्मा आहे की नाही हे तिला ठाऊक नाही; स्वतःला आहे की नाही हेही तिला सांगता येत नाही; परंतु त्या प्रश्नाचा शोध घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे, आणि तो कोणाची मालमत्ता नव्हे. काही प्रेक्षकांना ही पळवाट वाटते. एवढा मोठा प्रश्न उपस्थित करून लेखिकेने तो अधांतरी सोडला, अशी त्यांची तक्रार आहे. आणखी काहींना असे वाटते, की पिकार्डने मूळ प्रश्नाला बगल देऊन गुलामगिरीचा विषय मध्ये आणला आणि भावनेच्या बळावर खटला जिंकला.

गुलामगिरीचा विषय कोठून आला हे ध्यानी घेतले तर ही दुसरी तक्रार बरीचशी निरस्त होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट ह्या गुलामाच्या खटल्यात जो निर्णय दिला तो आपल्या कथेच्या मुळाशी होता, असे स्नॉडग्रास ह्यांनी सांगितले आहे. आफ्रिकन वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, म्हणून त्याला त्या न्यायालयात दादच मागता येत नाही, असे सरन्यायाधीश टॅनी ह्यांनी त्या वेळी ठरविले आणि मालकाचा त्याच्यावरील हक्क मालमत्तेचा हक्क म्हणून मानला. तो निर्णय कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता. ती भाषा पुसून काढण्यास यादवी युद्ध आणि १८६५ ची घटनादुरुस्ती लागली. म्हणून गुलामगिरी हा ह्या कथेत अलंकारासाठी आणलेला दृष्टांत नाही. ती तिची जमीन आहे. सुनावणीत विश्रांती असताना पिकार्ड निराश होऊन गायनन हिच्यापाशी जातो. ती त्याला उपदेश करीत नाही. वापरून टाकून देण्याजोगे लोक, ज्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही असे लोक, प्रत्येक काळात तयार केले गेले, एवढेच ती शांतपणे सुचविते, आणि तो कठोर शब्द पिकार्डच्या तोंडून बाहेर पडतो. ही भूमिका करणाऱ्या व्हूपी गोल्डबर्ग स्वतः कृष्णवर्णीय आहेत. शब्द त्यांनी न उच्चारता श्रोत्याकडून काढून घ्यावा, ह्यात मोठे औचित्य आहे. एक डेटा ही नवलाची वस्तू. परंतु हजार डेटा झाले तर तो वंश होईल, आणि त्या वंशाला आपण कसे वागविले ह्यावरून आपली परीक्षा होईल, हा पिकार्डचा युक्तिवाद ह्या भेटीतून जन्मला आहे.

आता निकाल अधांतरी राहिल्याच्या तक्रारीविषयी. येथे भारतीय वाचकाला अमेरिकन प्रेक्षकाहून वेगळे काही सांगता येण्यासारखे आहे. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील कुलदेवतेच्या मूर्तीसंबंधीचा एक खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात नेता येईल काय, हा त्यातील वाद होता. १९२५ मध्ये निर्णय देताना न्यायासनाने म्हटले, की मूर्ती म्हणजे मालकाने वाटेल तेथे हलवावी अशी जंगम वस्तू नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आपण कोठे राहावे ह्याविषयीच्या तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि तिची बाजू मांडण्यासाठी वादात ज्याचा स्वार्थ नाही असा प्रतिनिधी नेमला पाहिजे. पाषाणात किंवा धातूत चैतन्य आहे की नाही हे ठरवीत बसण्याची त्या न्यायाधीशांना आवश्यकता भासली नाही. तो प्रश्न भक्ताचा आणि तत्त्ववेत्त्याचा. न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच, की हिला विचारल्यावाचून हिला हलविण्याचा अधिकार कोणाला आहे काय. लुव्वाचा निकाल ह्याच जातीचा आहे. तिने आत्म्याचा प्रश्न टाळला असे म्हणण्यापेक्षा तो आपल्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे हे तिने ओळखले, असे म्हणणे योग्य ठरेल. आपल्याला न कळणाऱ्या विषयावर नस्तीत शेरा न मारणारा अधिकारी पळपुटा नसतो.

तिसरे मत स्तुतीचे आहे आणि बहुसंख्य प्रेक्षक त्या पक्षाचे आहेत. त्यांची स्तुती मुख्यत्वे पिकार्डच्या भाषणाकडे जाते, आणि पॅट्रिक स्ट्यूअर्ट ह्यांच्या वाणीचे सामर्थ्य पाहता हे स्वाभाविक आहे. मॅडॉक्सने चेतन प्राण्याची तीन लक्षणे सांगावीत आणि पिकार्डने त्यालाच, मी चेतन आहे हे सिद्ध कर, असे आव्हान द्यावे, हा प्रसंग विसरण्याजोगा नाही. तरीही मला असे वाटते, की ह्या भागाचे हृदय त्या भाषणात नसून समोरच्या आसनावर बसलेल्या रायकरमध्ये आहे.

हुकूम तिघांना मिळतो. डेटाला मिळालेला हुकूम अन्यायाचा आहे आणि तो नकार देतो. लुव्वा हिच्यापुढे नियम आहे आणि ती तो प्रथम चुकीचा व नंतर बरोबर वाचते. रायकरचा हुकूम ह्या दोहोंहून विलक्षण आहे: मित्राला वाचवावयाचे असेल तर मित्राविरुद्ध प्रामाणिकपणे लढले पाहिजे. तो रात्री डेटाच्या रचनेचे आराखडे पाहत असतो. डेटाला बंद करण्याची कळ त्याला सापडते आणि त्याच्या मुद्रेवर विजयाचे स्मित उमटते. दुसऱ्याच क्षणी, आपण कशाचा आनंद मानला हे उमगून, ते मावळते. ह्या ठिकाणी एकही शब्द नाही. कर्तव्य उत्तम रीतीने बजावण्यातही एक सुख असते आणि ते सुख कर्तव्य कोणाविरुद्ध आहे हे क्षणभर विसरावयास लावते, हे सत्य जोनाथन फ्रेक्स ह्यांनी केवळ मुद्रेने दाखविले आहे. दुसऱ्या दिवशी न्यायासनासमोर तो डेटाचा हात काढून दाखवितो, मग ती कळ दाबतो, आणि डेटा दोरी तुटलेल्या बाहुलीसारखा पुढे कोसळतो. काम झाल्यावर रायकर आपल्या जागी येऊन बसतो. त्या वेळी त्याच्याकडे पाहवत नाही.

ह्या पत्राच्या वाचकांपैकी ज्यांनी ज्याच्या पंक्तीला जेवले त्याच्याविरुद्ध टिपणी लिहिली असेल, त्यांना ह्या प्रसंगावर भाष्याची गरज नाही. येथे लेखिकेने कोणतीही सुटका ठेवलेली नाही. भागाच्या आरंभी पत्त्यांचा डाव आहे; रायकर हातात काही नसताना नुसत्या आविर्भावाने डेटाला हरवितो आणि केवळ नियम पाठ असणे म्हणजे खेळ येणे नव्हे, हे डेटाला कळते. ज्याने त्या डावात थाप मारून मित्राला हरविले त्यालाच सुनावणीत थाप मारून मित्राला वाचविता येत नाही. शेवटी सर्वजण आनंद साजरा करीत असताना रायकर एकटाच बाजूला बसून राहतो. डेटा तेथे जातो आणि सांगतो, की तू नकार दिला असतास तर पहिलाच निर्णय कायम झाला असता. त्या कृत्याने तुला जखम झाली आणि मी वाचलो, हे मी विसरणार नाही. कृतज्ञतेचे एवढे अचूक वाक्य त्या नौकेवरील एकाही मनुष्याला सुचले नसते. आत्म्याच्या प्रश्नाचे उत्तर ह्या भागात कोठे असेल तर ते येथे आहे, आणि ते न्यायालय उठल्यानंतर आलेले आहे.

चौथे मत अलीकडचे आहे. विचारल्याबरोबर शुद्ध वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे आता आपल्या परिचयाची झाल्यामुळे काही प्रेक्षक मॅडॉक्सकडे सहानुभूतीने पाहू लागले आहेत. बोलण्यावरून मन सिद्ध होत नाही. गोड बोलणाऱ्या यंत्राला मित्र समजण्यात माणसाची फसगत आहे, असे ते म्हणतात. ही सावधगिरी अनाठायी नाही. परंतु हा भाग प्रत्येक बोलक्या यंत्राला हक्क द्या असे सांगत नाही. डेटाचा नकार केवळ शब्दांत नाही. त्याने सामान आवरताना पदके, कप्तानाने दिलेले पुस्तक आणि मृत सहकारिणी ताशा यार हिची छोटी प्रतिमा बरोबर घेतलेली असते. पदकांचा त्याला काही उपयोग नाही, तरी ती त्याला हवी आहेत, आणि का हवीत ते त्याला सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मॅडॉक्सला आपल्या प्रयोगाची खात्री नाही. चूक झाली तर ती दुरुस्त होण्यासारखी नाही. अशा ठिकाणी सिद्ध करण्याचा भार कोणावर असावा? जो उघडू पाहतो त्याच्यावर, असे हा भाग सांगतो. आणि ते सांगणे यंत्रांच्या ह्या नव्या युगातही जुने झालेले नाही.

येथे भाषेची एक मौज नमूद करावीशी वाटते. मॅडॉक्स सर्वत्र डेटाचा उल्लेख इंग्रजीतील निर्जीव वस्तूसाठी असलेल्या सर्वनामाने करतो. शेवटी त्याच्या तोंडून नकळत पुरुषवाचक सर्वनाम निघते आणि लुव्वा ते त्याच्या लक्षात आणून देते. अनेक प्रेक्षकांना हा क्षण सर्वाधिक प्रिय आहे. मराठीत तो आणणे कठीण. ‘ते आले’ असे आपण यंत्राविषयीही म्हणतो आणि साहेबांविषयीही. नपुंसकलिंग आणि आदर ह्यांना आपल्या भाषेने एकच रूप दिले आहे. ‘ते येते’ आणि ‘ते येतात’ म्हणेपर्यंत भेद कळत नाही. अनुवादकाला अडचणीत टाकणारी ही गोष्ट ह्या कथेच्या आशयाला मात्र विलक्षण जुळते.

दोष नाहीत असे नाही. लुव्वा आणि पिकार्ड ह्यांच्या जुन्या वैराला व आकर्षणाला दिलेला वेळ उपरा वाटतो. मॅडॉक्स अखेरच्या प्रवेशापर्यंत एकाच सुरात बोलतो. मालिकेने स्वतःच हा निकाल पुढे किती मानला, असाही प्रश्न प्रेक्षकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. १९९० मधील ‘द ऑफस्प्रिंग’ ह्या भागात डेटाने निर्माण केलेली कन्या त्याच्यापासून हिरावून नेण्यास एक वरिष्ठ अधिकारी येतो. २००१ मध्ये ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ह्या मालिकेत प्रकाशप्रतिमेच्या रूपातील डॉक्टरला लेखक म्हणून हक्क मिळतो, पण व्यक्ती म्हणून मिळत नाही. आणि २०२० च्या ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’मध्ये मंगळावर राबणारे यंत्रमजूर दिसतात तेव्हा गायननचे भाकीत आठवल्यावाचून राहत नाही. तथापि ह्याला मी ह्या भागाचा दोष मानीत नाही. एका मनुष्याला मिळालेला न्याय त्याच्या नस्तीत बंद राहतो आणि पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, हे कोणत्याही सेवेत घडते.

२०१२ मध्ये ह्या भागाची विस्तारित आवृत्तीही प्रसिद्ध झाली. ज्यांना सवड असेल त्यांनी ती पाहावी. पाहताना निकालानंतरच्या एका लहान गोष्टीकडे लक्ष ठेवावे. जिंकल्यावर डेटा मॅडॉक्सला प्रयोगास विधिपूर्वक नकार देतो आणि लगेच म्हणतो, की तुमचे संशोधन चालू ठेवा. ते पुरे झाले की मी विचार करीन, मलाही त्याविषयी कुतूहल आहे. हुकुमाने जे मिळाले नाही ते आता विनंतीने मिळण्याची शक्यता निर्माण झालेली असते. सेवा आणि दास्य ह्यांतील अंतर एवढेच आहे. वाद घालणाऱ्या प्रेक्षकांनी कायदा, आत्मा आणि वक्तृत्व ह्यांची चर्चा भरपूर केली. परंतु मुक्त झालेला सेवक कामाकडे पाठ फिरवीत नाही, हे ह्या भागाने जे दाखविले आहे, त्याची नोंद त्यांच्या चर्चेत व्हावी तितकी झालेली नाही.